पायलॉन रेसिंग: मॉडेल विमानांच्या शर्यतीत देशाचा संघ कसा खेळतो

पायलॉन रेसिंगचा व्हिडिओ पहिल्यांदा बघणाऱ्याला बहुतेक वेळा नीट काही दिसतच नाही. कॅमेरा डावीकडून उजवीकडे भिरभिरत राहतो, कर्णकर्कश आवाज जवळ येतो आणि लांब जातो, आणि मिनिटभरात सगळं आटोपतं. मैदानात हेल्मेट घातलेली सहा माणसं जोडी-जोडीने उभी दिसतात. कोण जिंकलं हे तिथे हजर असलेल्या प्रेक्षकालाही लगेच कळत नाही. तरीही या शर्यतीची जागतिक स्पर्धा साधारणपणे दर दोन वर्षांनी होते. २०१७ मध्ये ती स्वीडनमधल्या युंगबीहेड या जुन्या लष्करी विमानतळावर झाली, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या मेरीबरोला. देशोदेशीचे संघ आपली विमानं लांबलचक पेट्यांमध्ये भरून अर्ध्या जगाचा प्रवास करून तिथे पोचतात.

वेगाचं आकर्षण कुणालाही वाटेल. पण या खेळात मला खरी भुरळ पडते ती त्यातल्या संघाची. रिमोट एकाच्या हातात असतो, त्यामुळे हा अंगठ्यांच्या चपळाईचा एकट्यादुकट्याचा खेळ वाटतो. नियम नीट वाचले की चित्र पालटतं. देशाचा क्रमांक ज्या पद्धतीने काढला जातो, त्यात एका अफाट पायलटपेक्षा चुका न करणारे तीन पायलट आणि त्यांच्यामागे उभी असलेली चार-पाच शहाणी माणसं जास्त मोलाची ठरतात. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी मैदान पाहू.

मैदान आणि विमान

या वर्गाचं अधिकृत नाव एफ३डी. त्याचे नियम एफएआय ही आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा संस्था ठरवते. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझानला आहे. फुग्यांपासून ग्लायडरपर्यंत सगळ्या हवाई खेळांचे विक्रम आणि स्पर्धा तीच सांभाळते.

मैदानात चार-पाच मीटर उंचीचे तीन खांब रोवलेले असतात. हेच पायलॉन. त्यांचा एक लांबुळका त्रिकोण होतो: दोन बाजू १८० मीटरच्या, पाया फक्त ४० मीटरचा. टोकाचा खांब पहिला, पायथ्याचे दोन दुसरा आणि तिसरा. एक फेरी म्हणजे ४०० मीटर. अशा दहा फेऱ्या घालायच्या, म्हणजे कागदावर चार किलोमीटर. सगळी वळणं डावीकडे. एका हीटमध्ये, म्हणजे एकेका शर्यतीत, तीन विमानं असतात आणि ती एकेका सेकंदाच्या अंतराने सोडली जातात. प्रत्येकाची वेळ वेगळी मोजली जाते. शर्यत शेजारच्या विमानाशी दिसत असली तरी गुण घड्याळ देतं: जितके सेकंद लागले तितके गुण, आणि ज्याचे गुण कमी तो वर.

चांगले पायलट दहा फेऱ्या साठ सेकंदांच्या आत पुऱ्या करतात. चार किलोमीटर साठ सेकंदांत म्हणजे सरासरी ताशी २४० किलोमीटर. प्रत्यक्षात विमान खांबाला घासून वळू शकत नाही, ते खांबाबाहेरून मोठा वळसा घेतं, त्यामुळे खरं अंतर चार किलोमीटरपेक्षा बरंच जास्त भरतं. सरळ पट्ट्यात वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो.

हे सगळं करणाऱ्या विमानाचं वजन किमान २.२ किलो आणि कमाल तीन किलो. त्याच्या नाकात ६.६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं आणि ते मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेतं. विमानाचं अंग किती बारीक असावं यालाही मर्यादा आहे, नाहीतर लोकांनी विमानाची सुई केली असती. पंख आणि धड साच्यात कार्बन किंवा ग्लास फायबर घालून पोकळ बनवतात. इंजिनाचा वेग हवा तसा कमी-जास्त करण्याची भानगड शर्यतीत नसते. विमान सुटल्यापासून इंजिन पूर्ण ताकदीने चालतं, आणि दहा फेऱ्या झाल्या की पायलट रिमोटवरून त्याचं इंधन तोडतो. मग बंद इंजिनावर घरंगळत खाली उतरायचं.

वळणावर काय होतं

ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. १८० मीटरची लांब बाजू संपायला दोन-सव्वादोन सेकंद लागतात. पहिल्या खांबावर विमानाला जवळपास उलट्या दिशेला वळायचं असतं. पायलट विमान एका कुशीवर आडवं करतो आणि शेपटीचा एलेव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारी फळी, ओढतो. तीस मीटर त्रिज्येच्या वळणात त्या क्षणी विमानावर गुरुत्वाकर्षणाच्या वीसपटीहून जास्त जोर येतो. गोफणीत फिरणाऱ्या दगडाने दोरी ताणावी तसा तो ताण पंखांच्या मुळाशी पोचतो. सव्वादोन-अडीच किलोच्या विमानाला त्या सेकंदभरात पन्नास किलोहून अधिक भार पेलावा लागतो, आणि शर्यतभर हे पुन्हा पुन्हा होत राहतं. पंख जरासा पिळला गेला किंवा एलेव्हेटर जोडणाऱ्या सळईत थोडी ढिलाई असली तर विमान वळणातून भलत्याच दिशेने बाहेर पडतं.

मग जितकं घट्ट वळाल तितका फायदा, असं वाटेल. तसं नाही. पंखाने उचल निर्माण करायची म्हणजे हवेचा अडथळाही वाढवायचा. उचलीमुळे होणारा हा अडथळा उचलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरळ उडताना पंखाला विमानाच्या वजनाइतकी उचल लागते. वळणात ती तेवीसपट लागली तर त्याच वेगाला हा अडथळा पाचशे पटींहून जास्त होतो. एलेव्हेटर हावरटासारखा ओढणारा पायलट अंतर वाचवतो आणि वेग गमावतो, आणि तो वेग परत मिळवायला पुढची अर्धी बाजू खर्ची पडते. म्हणून निष्णात पायलटचं वळण बघायला मऊ वाटतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबावर तर तो दोन वेगळी वळणं घेतच नाही, दोन्ही खांब एकाच सलग कमानीत घेतो.

कॉलर: पायलटचे दुसरे डोळे

आता या खेळातल्या सर्वांत कमी कौतुक होणाऱ्या माणसाकडे येऊ. पायलट उभा असतो त्रिकोणाच्या पायथ्याच्या बाजूला. दुसरा आणि तिसरा खांब त्याच्या जवळ असतात, ते तो स्वतः बघू शकतो. पहिला खांब मात्र सुमारे १८० मीटर लांब. इतक्या लांबून, जवळपास मागून, विमान खांबाच्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे डोळ्यांना ठरवता येत नाही. खोलीचा अंदाज अशा अंतरावर फसतो.

म्हणून पायलटच्या खांद्याशी कॉलर उभा असतो. बहुधा यानेच इंजिन सुरू केलेलं असतं आणि विमान हातात धरून सोडलेलं असतं. विमान सुटलं की तो दोन पावलांत पायलटजवळ येतो आणि पुढच्या मिनिटभरात दहा वेळा एकच काम करतो: पहिल्या खांबावर वळण नेमकं कधी सुरू करायचं ते ओरडून सांगणं.

पहिल्या खांबाजवळ पंच असतात आणि विमानाने रेषा ओलांडली की त्या विमानाच्या नावाचा दिवा लागतो. मग दिवा बघून वळायला काय हरकत आहे? हरकत वेळेची आहे. पंचाच्या डोळ्यांनी बघणं, बोटाने बटण दाबणं, दिवा लागणं, कॉलरने तो बघणं, ओरडणं, पायलटने ऐकणं, अंगठा हलणं. यातल्या एका माणसाच्या प्रतिक्रियेला सेकंदाचा पाचवा भाग धरला तरी तेवढ्यात विमान सतरा मीटर पुढे गेलेलं असतं. इथे अशी तीन माणसं साखळीत आहेत. आवाजाचा भरवसा धरावा तर तोही निकामी: पहिल्या खांबावरून इंजिनाचा आवाज पायथ्याशी पोचायला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात विमान चाळीस मीटर पुढे असतं.

त्यामुळे चांगला कॉलर दिवा लागायच्या आधीच हाक देतो. तो विमानाचा वेग, वारा, आपल्या पायलटचा अंगठा हलायला लागणारा वेळ हे सगळं धरून अंदाज बांधतो. पहिल्या-दुसऱ्या फेरीत हाकेनंतर दिवा कधी लागला हे तो टिपतो आणि तिसऱ्या फेरीची हाक तेवढी पुढे किंवा मागे सरकवतो. वारा पहिल्या खांबाकडे वाहत असेल तर विमान तिकडे लवकर पोचतं आणि वळणात आणखी वाहवत जातं. मग हाक अलीकडे आणावी लागते. विमान इंजिनाचा दम सोडू लागलं असेल, तर तीच हाक नवव्या फेरीत घाईची ठरते. शिवाय बाकीच्या दोन विमानांवरही त्याचंच लक्ष असतं. पुढच्याला ओलांडताना बाहेरून जायचं की वरून, हे पायलटला बघायची सवड नसते. आपलं विमान एक क्षणही नजरेआड झालं तर ते परत सापडणं कठीण.

पायलट आणि कॉलरची ही जोडी जुळायला वेळ लागतो. एकाच माणसाची हाक दुसऱ्या पायलटला उशिराची वाटू शकते, कारण प्रत्येकाचा हात वेगळ्या वेळाने हलतो. बऱ्याच संघांत पायलटच एकमेकांचे कॉलर होतात. हीटच्या जोड्या लावताना एका देशाचे पायलट शक्यतो एकत्र येऊ देत नाहीत, म्हणून हे जमतं. याचा अर्थ असा की आपल्या हीटमध्ये जीव ओतून परतलेला माणूस थोड्या वेळात दुसऱ्यासाठी तितकंच लक्ष एकवटून उभा राहतो. स्वतःचं विमान बिघडलेलं असतानासुद्धा.

कटचा हिशोब

खांबाच्या आतून वळलं की तो कट. एक कट झाला तर वेळेत दहा टक्के वाढ: ६० सेकंदांचे ६६ होतात. दोन कट झाले तर उड्डाण गेल्यातच जमा, गुण २००. इंजिन बंद पडून शर्यत अर्धवट राहिली तरीही २००.

इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे. समजा पायलटने ठरवलं की पहिल्या खांबावर दरवेळी पाच मीटर जास्त लांब जायचं, म्हणजे कटची भीती नको. जाताना पाच, येताना पाच, एका फेरीत दहा मीटर वाढले. दहा फेऱ्यांत शंभर मीटर. सेकंदाला ८० मीटर धरले तर या सावधपणाची किंमत सव्वा सेकंद. आणि एका कटची किंमत सहा सेकंद. म्हणजे पाच मीटर आत शिरून उडणारा पायलट दर चार हीटमध्ये एक कट करत असेल, तर चार वेळा मिळून पाच सेकंद वाचवून तो सहा गमावतो. त्याच्या मानाने सावध पायलट पुढे असतो. आणि ज्या दिवशी त्या धाडसी पायलटचे एकाच हीटमध्ये दोन कट होतात, त्या दिवशी तो सहा नव्हे, १४० सेकंद गमावतो.

हे आकडे ढोबळ आहेत, वाऱ्यागणिक बदलतील. पण खेळाचं खरं कसब यात दडलेलं आहे. किती जवळून जायचं हा धाडसाचा प्रश्न वाटतो. खरं तर तो आपली नजर, कॉलरची हाक आणि विमानाची वागणूक दरवेळी किती सारखी आहे याचा प्रश्न आहे. दहाही वळणं एकसारखी घेता येत असतील तर खांबाला चिकटून उडा. वळणावळणात दहा मीटरचा फरक पडत असेल तर बाहेरच राहा आणि सरावाने फरक कमी करा.

तिघांची बेरीज

देशाच्या संघात साधारणपणे तीन पायलट असतात. निवड प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने करतो. अनेक ठिकाणी वर्षभरातल्या ठरावीक स्पर्धांचे गुण एकत्र धरतात. नाव पाठवते ती देशाची हवाई क्रीडा संस्था आणि प्रत्येक पायलटकडे एफएआयचा क्रीडा परवाना लागतो. आधीचा जगज्जेता आपलं अजिंक्यपद राखायला संघाबाहेरूनही उतरू शकतो.

वैयक्तिक क्रमांक वेगळे लागतात आणि देशाचा क्रमांक वेगळा. देशाचा क्रमांक काढताना तिन्ही पायलटचे गुण सरळ मिळवतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो देश पहिला. शिवाय तीन पायलटचा पूर्ण संघ दोन पायलटच्या संघाच्या वर धरला जातो, मग त्या दोघांनी कितीही वेगात विमानं उडवली असोत.

या साध्या बेरजेचा परिणाम बघा. एका संघाचे पायलट मध्यम वेगाचे आहेत: ६१, ६२, ६३. बेरीज १८६. दुसऱ्या संघाचे दोघे तुफान आहेत, ५७ आणि ५८, पण तिसऱ्याचं इंजिन सहाव्या फेरीत बंद पडलं. बेरीज ३१५. फरक १२९ चा. पुढच्या हीटपासून दुसरा संघ सुधारला आणि तिघांनी मिळून दरवेळी ११ सेकंद कमी घेतले, तरी हा फरक भरून काढायला तिघांची आणखी बारा-बारा उड्डाणं लागतील. पुरेशी उड्डाणं झाली की प्रत्येक पायलटचे सर्वांत वाईट गुण वगळतात, म्हणून एक अपघात माफ होतो. पण त्याच पायलटकडून दुसरा झाला की संघाची पदकाची आशा मावळते.

म्हणूनच संघ व्यवस्थापकाचं काम नाममात्र नसतं. पंचांशी किंवा आयोजकांशी वाद असेल, तक्रार नोंदवायची असेल, तर नियमाने तो अधिकार त्याचाच. पायलटने तावातावाने पंचांकडे जायचं नाही. पण त्याहून महत्त्वाचं काम तो शर्यतींच्या मधल्या वेळात करतो. वैयक्तिक पदकाच्या टप्प्यात आलेला पायलट जोखीम घ्यायला बघतो. त्याच वेळी संघाला त्याच्याकडून फक्त कट नसलेलं एक उड्डाण हवं असतं. दोघांचं हित एका दिशेला नसतं. अशा वेळी काय करायचं हे आधी, घरी असताना, शांत डोक्याने ठरलेलं असेल तरच मैदानावर पाळलं जातं. मला विचाराल तर संघाने सर्वांत आधी बसून बोलायची गोष्ट हीच, इंजिनं नंतर.

एरंडेल, ग्लो प्लग आणि एक क्लिक

इंधन आयोजक पुरवतात आणि सगळ्यांना तेच वापरावं लागतं: ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के तेल. मॉडेलच्या इतर अनेक इंधनांत ताकद वाढवायला नायट्रोमिथेन घालतात, इथे ते नाही. तेलामध्ये आपल्या ओळखीचं एरंडेल पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, कारण भयंकर उष्णतेतही ते धातूवर आपला थर टिकवून धरतं. जगात सर्वाधिक एरंडी पिकवणारा देश भारत आहे आणि त्यातली बहुतांश गुजरातेत पिकते. ज्यांनी लहानपणी एरंडेल नाक दाबून प्यायलंय त्यांनी ही इंजिनं चालताना शेजारी उभं राहून बघावं, वास लगेच ओळखीचा वाटतो.

या इंजिनाला कारसारखी ठिणगी पाडणारी यंत्रणा नसते. वर एक ग्लो प्लग असतो, आत प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक गुंडाळी. सुरू करताना तिला बॅटरीने तापवतात. नंतर बॅटरी काढून घेतात; मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे आणि आधीच्या स्फोटाच्या उष्णतेमुळे गुंडाळी लाल राहते आणि इंजिन चालत राहतं. हवेत किती इंधन मिसळायचं ते एका सुईच्या झडपेने ठरतं. सुई फिरवली की ती बारीक टकटक आवाज करत एकेक खाच पुढे जाते. त्यातली एक खाच इकडेतिकडे झाली तरी शर्यत बदलू शकते.

कारण जमिनीवर जे इंजिन उत्तम वाजतं ते हवेत तसं राहत नाही. विमानाने वेग घेतला की पंख्यावरचा (प्रोपेलरवरचा) भार हलका होतो, फेरे वाढतात आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. म्हणून जमिनीवर सुई मुद्दाम थोडी जाडसर मिश्रणाला ठेवतात आणि हवेत ते बरोब्बर होईल असा अंदाज धरतात. जास्तच जाड राहिलं तर दोन-तीन सेकंद जातात. जास्त पातळ झालं तर इंजिन तापतं, गुंडाळी जळते आणि पाटीवर २०० लागतात. उतरल्यावर मेकॅनिक प्लग काढून भिंगाखाली धरतो. गुंडाळी चकचकीत आणि जागच्या जागी असेल तर अजून थोडं पातळ करायला वाव आहे. ती राखाडी, खरखरीत दिसली किंवा वाकडी झाली असेल तर इंजिन कड्यावरून परतलंय असं समजायचं.

हवामान या सगळ्यावर पाणी ओततं. उन्हाळी हवा विरळ असते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. पण विरळ हवेत विमानाला अडथळाही कमी होतो. पंख्याचंही असंच. त्याचा व्यास साधारण १९ सेंटिमीटर धरला तर मिनिटाला तीस हजार फेऱ्यांत त्याचं टोक सेकंदाला जवळपास ३०० मीटरने धावतं आणि विमानाचा वेग धरला की ते आवाजाच्या वेगाच्या अगदी जवळ जातं. तिथे पंख्याची कार्यक्षमता ढासळायला लागते. १५ अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर असतो, ३५ अंशांना ३५२ च्या आसपास. म्हणून सकाळच्या गार हवेत चाललेला पंखा दुपारी चालेलच असं नाही. संघाच्या पेटीत थोड्याथोड्या फरकाचे अनेक कार्बनचे पंखे असतात ते याचसाठी.

एकटा पायलट हे सगळं तपासून बघू शकत नाही. स्पर्धेआधी मिळणारा अधिकृत सराव मोजका असतो. तीन पायलटचा संघ असेल तर एकाने एक पंखा, दुसऱ्याने दुसरा, तिसऱ्याने वेगळा प्लग लावून बघायचा आणि संध्याकाळी तिघांच्या वह्या एकत्र मांडायच्या. जो संघ हे मोकळेपणाने करतो त्याला एका दिवसात तीन दिवसांचं ज्ञान मिळतं. आपली माहिती आपल्याच सहकाऱ्यांपासून लपवणारा पायलट वैयक्तिक यादीत दोन जागा वर जाईलही, पण बेरजेत ते दिसतंच.

प्रवासाची झळही लहान नाही. इंधन विमानाने नेता येत नाही, वापरलेली इंजिनं इंधनाचा अंशही न राहील अशी कोरडी करून न्यावी लागतात, सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात. युरोपातून मेरीबरोला गेलेल्या संघाला ऋतूही उलटा भेटतो आणि घरच्या मैदानावर महिनोन्‌महिने बसवलेलं इंजिन नव्या हवेत परत पहिल्यापासून बसवावं लागतं. हा खेळ खेळणारे बहुतेक लोक नोकरी-धंदा सांभाळून, रजा टाकून, पदरमोड करून हे करतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे सुरुवात करायची तर

एफएआयमध्ये भारताचं प्रतिनिधित्व एअरो क्लब ऑफ इंडिया करतो. मॉडेल विमानांची तोंडओळख महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांना एनसीसीच्या हवाई शाखेत होते. तिच्या अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात एअरोमॉडेलिंगच्या स्पर्धा असतात. कायद्याच्या बाजूने बघायचं तर २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या केलेली आहे. मैदान ठरवण्याआधी ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर ती जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, पट्ट्यात आहे ना हे बघणं आणि आपल्या वजनाच्या विमानाला कोणते नियम लागू होतात ते वाचणं टाळू नका. विमानतळाजवळची मोकळी जागा कितीही मोहक दिसली तरी ती आपली नाही.

एफ३डीचं विमान घेऊन सुरुवात करायची नसते. आधी साधं ट्रेनर विमान, मग थोडं वेगाचं, मग दोन काठ्या रोवून त्यांच्याभोवती डावीकडची वळणं. विजेवर चालणाऱ्या विमानांसाठी एफ३ई हा वेगळा वर्ग आहे, त्यात मिथेनॉल आणि आवाजाचा त्रास नाही, त्यामुळे गावाजवळच्या माळावर सराव करणंही सोपं जातं. सुरुवातीपासून हेल्मेट घाला आणि बघ्यांना वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू देऊ नका. इंजिन बंद पडलं किंवा रेडिओ तुटला तर विमान तिकडेच फेकलं जातं.

आणि सरावाला एकटे जाऊ नका. लांबच्या काठीवर वळण कधी घ्यायचं ते सांगायला एक मित्र सोबत न्या, दर फेरीची वेळ आणि कट वहीत लिहा, आणि अर्ध्या वेळाने रिमोट त्याच्या हातात देऊन तुम्ही हाका द्या.